अब्बांचा शोरबा आणि घरातला मिक्सर

गेल्या रमजानमधली, तिसऱ्या की चौथ्या रोजाची संध्याकाळ. मगरिबला वीस-एक मिनिटे उरली होती. एका शेगडीवर भजी चालू होती, थाळीत खजूर लागले होते आणि आमच्या सासऱ्यांसाठी, ज्यांना आम्ही अब्बाच म्हणतो, टोमॅटो-गाजराचे सूप नुकतेच कुकरमधून उतरले होते. घाई होती. आम्ही ते उकळते सूप तसेच मिक्सरच्या मोठ्या भांड्यात गळ्यापर्यंत ओतले, झाकण घट्ट दाबले आणि बटण एकदम तीनवर नेले.

झाकण उडाले ते थेट छताला लागले. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. ओढणी, भिंत, भिंतीवरचे घड्याळ, सगळे लाल. धाकटी जाऊ टूथपेस्टची ट्यूब घेऊन धावत आली. दहावीतल्या मुलीने मात्र तिला बाजूला सारले, आमचा हात धरला आणि नळाखाली नेला. भाजल्याबरोबर साधे गार वाहते पाणी वीस मिनिटे, बाकी काही नाही, हे तिला शाळेत शिकवलेले होते. ते आम्हीच शिकवतो, ही गोष्ट वेगळी. अजान झाली तेव्हा आमचा हात नळाखालीच होता. मुलीनेच तोंडात खजूर घातला. फोड आले, पण अल्हम्दुलिल्लाह, डोळे वाचले.

हाताला पट्टी बांधून शाळेत गेलो तेव्हा शिक्षकांच्या खोलीत तिघी-चौघींनी आपापली गोष्ट सांगितली. कुणाच्या गळ्यावर डाळ उडाली होती, कुणाच्या हातावर पालकाचे सूप. एकीने तर टोमॅटोच्या ग्रेव्हीचा डाग घराला रंग देईपर्यंत छतावर तसाच बाळगला होता. म्हणजे हे घरोघरी होते आणि घरोघरी लपवले जाते. स्वयंपाकात आपल्या हातून चूक झाली हे सांगायचे कसे, म्हणून! तेव्हाच ठरवले होते, या विषयावर लिहायचे.

आधी ते झाकण का उडाले ते पाहू. मिक्सरचे पाते मोकळे फिरताना मिनिटाला अठरा ते वीस हजार फेरे घेते. भांड्यात उकळते सूप असेल तर पहिल्याच झटक्यात ते वर उधळते, भांड्यातली थंड हवा क्षणात तापून फुगते आणि उधळलेल्या थेंबांतून भसाभसा वाफ सुटते. पाण्याची वाफ झाली की ती पाण्याच्या १६०० पटींहून जास्त जागा मागते. कुकरला शिट्टी आहे, सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. मिक्सरच्या भांड्याला काय आहे? रबरी रिंग आणि आपला तळहात. झाकण जितके घट्ट दाबून धरावे तितका तो दाब कोंडतो. भांडे गळ्यापर्यंत भरले असेल तर त्याला सरकायला जागाच राहत नाही.

उपाय सोपा आहे आणि तो आम्हाला हात भाजल्यावर सुचला. सूप शिजले की सगळे मिक्सरमध्ये ओतायचेच नाही. आधी चाळणीतून गाळून घ्यायचे. पाणी खाली पातेल्यात, भाज्या वर चाळणीत. भाज्या ताटात पसरून पंधरा-वीस मिनिटे निवू द्यायच्या. मग त्या भाज्या आणि वाटी-अर्धी वाटी निवलेले पाणी एवढेच मिक्सरमध्ये घालून वाटायचे. वाटलेला गर परत पातेल्यातल्या पाण्यात हवा तितका मिसळायचा आणि शेगडीवर एक उकळी आणायची. गरम करायचे काम शेगडीचे, बारीक करायचे काम मिक्सरचे. यात दुसरा फायदा असा, की सूप किती दाट ठेवायचे ते आपल्या हातात राहते. आमच्या घरात या दुसऱ्या फायद्याचे मोल पहिल्याहून जास्त ठरले. ते पुढे सांगतो.

एखाद्या वेळी कोमट सूप वाटावेच लागले तर भांडे निम्म्याच्या आत भरावे. मोठ्या भांड्याच्या झाकणाला मध्यभागी जी छोटी टोपी असते ती काढावी, त्या भोकावर चौपदरी घडी घातलेले फडके सैल धरावे आणि सुरुवात एकवरून किंवा डावीकडच्या पल्सच्या दोन-तीन झटक्यांनी करावी. ती टोपी कशासाठी असते हे आम्हाला वीस वर्षांच्या संसारात ठाऊक नव्हते. आम्ही ती मेथीदाणे मोजायला वापरत होतो.

आपला मिक्सर आणि परदेशातला ब्लेंडर ही दोन सख्खी नव्हे, चुलत भावंडे आहेत. तळाशी फिरणारे पाते असलेले भांडे अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या रसीन गावी स्टीफन पॉपलॉव्स्की यांनी केले, त्याचे पेटंट १९२२ चे. त्याच गावात हॉर्लिक्सचा कारखाना होता आणि हे यंत्र दुधात माल्ट घुसळून पेय करण्यासाठी होते. म्हणजे त्याचा जन्मच पातळ पदार्थासाठी. आपल्याकडे ते आले तेव्हा बायकांनी त्यात ओले खोबरे, हळकुंडे आणि भिजवलेली डाळ घातली. बिचाऱ्याची मोटार जळणार नाही तर काय होईल? मुंबईचे अभियंता सत्यप्रकाश माथूर यांच्या घरी नेमके हेच झाले. पत्नीचा परदेशी मिक्सर बंद पडला, तेव्हा १९६० च्या दशकात त्यांनी आपल्या वाटणाला पुरेल अशा मोटारीचा ‘सुमीत’ बनवण्याचे मनावर घेतले. आमच्या माहेरी पाटा-वरवंट्याशेजारी तो पांढरा सुमीत आला तो दिवस आम्हाला आठवतो. अम्मीने पहिल्या दिवशी त्याला हातच लावला नाही.

तेव्हा आपला ५०० किंवा ७५० वॅटचा मिक्सर सूप-शेकसाठी कमी पडतो, त्यासाठी वेगळा महागडा ब्लेंडर हवा, असे कुणी सांगितले तर ऐकू नये. ताकद त्यात भरपूर आहे. उणीव असलीच तर आपल्याला तो वापरता येण्याची. सगळ्यात मोठे भांडे, साधारण दीड लिटरचे, हे पातळ पदार्थांसाठीच दिलेले असते. त्याच्या आतल्या बाजूला ज्या उभ्या खाचा असतात त्या भोवऱ्यात गरगरणारे पातळ पदार्थ अडवून पुन्हा पात्यावर लोटतात. आपण मात्र हाताशी येईल ते मधले भांडे घेतो आणि मग तक्रार करतो, की गाठी राहिल्या.

आता अब्बांकडे येतो. कारण हा लेख खरे तर त्यांच्यामुळे आहे.

अब्बा जिल्दसाज. सारी उमर पुस्तकांच्या बांधणीत गेली. शाळेच्या वाचनालयाची कितीतरी पुस्तके त्यांच्या हातची आहेत. दीड वर्षापूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणे जड झाले आणि गिळणे बिघडले. रुग्णालयात बोलण्या-गिळण्याचे व्यायाम घेणाऱ्या थेरपिस्ट बाईंनी आम्हाला बसवून एक गोष्ट सांगितली. आजवरच्या आमच्या समजुतीच्या ती अगदी उलट होती. आम्हाला वाटायचे, गिळता येत नसेल तर जितके पातळ तितके बरे. बाई म्हणाल्या, नाही. पाणी, चहा, पातळ सूप हे जिभेवरून इतक्या झपाट्याने घरंगळते, की कमजोर झालेला घसा वेळेवर श्वासनलिका बंद करू शकत नाही. ते थेंब फुफ्फुसात जातात आणि न्यूमोनिया होतो. अशा रुग्णाला दाट, एकजीव, गाठ नसलेले अन्न सोपे जाते. किती दाट, हे प्रत्येकाचे वेगळे. ते तपासून थेरपिस्टनेच ठरवायचे.

अशा अन्नासाठी आयडीडीएसआय नावाची एक आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे. शून्यापासून सातपर्यंत तिचे टप्पे आहेत. अब्बांना चौथा टप्पा सांगितला होता. त्याची परीक्षा घरच्या चमच्याने होते. चमच्यात घेतलेले अन्न ढिगासारखे राहिले पाहिजे आणि चमचा कलता केल्यावर ते एका लोंद्यात खाली पडले पाहिजे. चिकटून बसले तर फार घट्ट झाले, धार लागली तर फार पातळ. काट्याच्या चमच्यावर घेतले तर फटींतून सतत ठिबकता कामा नये. पदवीच्या परीक्षेला बसावे तसे आम्ही पहिल्या आठवड्यात रोज तीन वेळा चमचा कलता करून पाहत होतो.

आणि नापास होत होतो! पहिल्या दिवशी आम्ही बटाटा, थोडा भात आणि पाणी मिक्सरला लावून चांगले दोन मिनिटे फिरवले. जितके बारीक तितके छान, हा हिशोब. निघाले ते चिकट, ताणले की तार येणारे. अब्बांनी एक घास तोंडात घोळवला, डाव्या हाताने वाटी सरकवली आणि अडखळत म्हणाले, “मेरेकू... लेई... नको.”

पुस्तकाला पुठ्ठा चिकटवायची खळ म्हणजे लेई. ज्या माणसाने पन्नास वर्षे ती ढवळली, त्याला ती ओळखायला चूक होणार नाही. झटक्यानंतर त्यांनी जुळवलेले ते पहिले वाक्य. जाऊ हसली, अम्मी रडल्या, आम्हाला काय करावे ते कळेना.

चूक आमचीच होती. शिजलेल्या बटाट्यात पिठूळ अंश, म्हणजे स्टार्च, पेशींच्या पिशव्यांत बंद असतो. मिक्सरचे पाते त्या पिशव्या फाडते आणि सगळा स्टार्च बाहेर येऊन खळ होते. म्हणून बटाटा मिक्सरला लावूच नये. तो चाळणीवर चमच्याने घासून घ्यावा आणि शेवटी सूपमध्ये मिसळावा. दाटपणा आणायला मसूरडाळ सगळ्यात गुणी. ती शिजून मऊ होते, वाटल्यावर रेशमासारखी होते आणि चवीला शोरब्याच्या जवळ जाते. लाल भोपळा, गाजर, दुधी हेही चांगले. हरभरा, राजमा, मटार यांची साले मिक्सरमध्ये नीट बारीक होत नाहीत, टोमॅटोचीही तीच गत. ती टाळ्याला चिकटली की खोकल्याची उबळ येते. तेव्हा वाटल्यावर चाळणीतून गाळणे आलेच. हे काम कंटाळवाणे आहे, हे लपवून काय उपयोग?

सूप हा शब्द आपण इंग्रजीतून घेतला, पण चीज आपल्याला नवी नाही. फारसीत शोर म्हणजे खारट आणि बा म्हणजे कालवण, त्यातून शोरबा. तुर्कस्तानात तोच चोरबा होतो आणि तिथे मसुरीचा चोरबा घरोघरी असतो. अब्बांसमोर ‘सूप’ म्हणून वाटी ठेवली की ते तोंड फिरवत. तीच वाटी अम्मींनी ‘शोरबा’ म्हणून ठेवली की निदान वास घेऊन पाहत. आजारी माणसाला बाळाचे जेवण देतोय असे वाटू नये, ही बाब औषधाइतकीच महत्त्वाची आहे, हे आम्हाला उशिरा उमगले. त्यांना हवे होते ते घरात शिजते तेच.

मग आम्ही घरात शिजते तेच वाटायला लागलो. मटणाचा शोरबा असेल त्या दिवशी त्यांच्या वाटणीचे चार-पाच तुकडे तिखट घालण्याआधी काढून घ्यायचे आणि कुकरमध्ये आणखी शिजवायचे, बोटाने दाबले तर रेषा सुटल्या पाहिजेत इतके. मग हाताने एकेक तुकडा उलगडून हाडाचा कण, शिरा, पडदा काढायचा. डोळ्यांवर भरवसा ठेवू नये, बोटांनीच शोधावे. मिक्सर हाडाची कपची बारीक करत नाही, तिला फक्त लपवतो. नुसते मटण वाटले तर कापसासारखे दोरे होतात, म्हणून त्यात दोन चमचे शिजलेली मसूर किंवा मऊ भात आणि थोडा कोमट रस्सा घालायचा. पाते फिरायला खाली ओल लागते. तेव्हा आधी रस्सा, मग मऊ जिन्नस आणि सर्वांत शेवटी मटण. उलटे केले तर पाते मोकळे फिरते आणि वरचे जसेच्या तसे राहते.

मटणाच्या रश्श्याची एक खोड आहे. निवला की तो दाटतो, गरम केला की पुन्हा पातळ होतो, कारण हाडांतला चिकट अंश गारव्याने गोठतो. भाताचे उलट. तो ठेवला की आणखी घट्ट होत जातो. म्हणून चमच्याची परीक्षा मिक्सरजवळ न घेता, वाटी अब्बांसमोर ठेवताना घ्यायची.

आणखी एक गोष्ट आम्हाला कितीतरी दिवस कोड्यात टाकत होती. वाटी दाट असायची आणि निम्मे जेवण झाले की उरलेले पाण्यासारखे व्हायचे. आम्हाला वाटे, जाऊने मध्येच पाणी घातले. तिला वाटे, आम्ही. थेरपिस्ट बाईंनी उलगडा केला. तोंडातली लाळ स्टार्च फोडते. तोंडात गेलेला चमचा पुन्हा वाटीत बुडाला की लाळ वाटीत जाते आणि भाताने दाट केलेले अन्न बघता बघता सुटते. तेव्हापासून मोठ्या वाटीतून थोडे थोडे छोट्या वाटीत काढून भरवतो. घरातले एक भांडण मिटले.

बारीक केलेल्या अन्नात आणखी एक फसगत असते. मिक्सर फिरावा म्हणून आपण पाणी घालतो. दोन पोळ्या आणि वाटीभर भाजीचा ऐवज पाण्याने वाढून मोठा वाडगा होतो. माणूस अर्धा वाडगा खाऊन तृप्त होतो आणि आपण समजतो की जेवला. पहिल्या दोन महिन्यांत अब्बांचे वजन चार किलोने उतरले ते असे. आता त्यांच्या मिक्सरमध्ये साधे पाणी जवळजवळ जातच नाही. डाळीचे पाणी, रस्सा, दूध, नाहीतर पातळ केलेले दही. वरून चमचाभर तूप किंवा साय. भाजीच्या सूपात दोन चमचे दुधाची भुकटी. टोमॅटोच्या सूपात दूध घालायचे तर टोमॅटो निवल्यावर आणि थोडे थोडे घालावे. आंबट आणि उकळते यांत दूध ओतले की फाटते.

भरवताना घ्यायची काळजी थेरपिस्ट बाईंनी भिंतीवर चिकटवायला लिहून दिली होती. पाठ सरळ, अर्धा चमचा, एक घास पुरा उतरल्यावरच दुसरा. जेवल्यावर अर्धा तास आडवे करायचे नाही. जेवताना खोकला आला किंवा आवाज ओला, घोगरा झाला तर थांबायचे. आपल्याकडे पाहुणा येतो, प्रेमाने चमचा उचलतो आणि ‘एक घास माझ्या हातचा’ म्हणून झोपलेल्या माणसाला भरवतो. त्यांना थांबवताना कटुता येते. आम्ही ती घेतली.

शेक आणि हल्ली मुली ज्याला स्मूदी म्हणतात त्याबद्दल थोडे. आमच्या घरात ते दोन माणसांसाठी होते, सहरीला काही न खाणाऱ्या मुलीसाठी आणि अब्बांसाठी. मुलीचा शेक पातळ, अब्बांचा चमच्याने खाण्याचा. रात्री दुधात भिजवलेले बी काढलेले खजूर, एक केळे, चार बदाम. बी काढलेले, हे शब्द पुन्हा वाचावेत. खजुराची एक बी आमच्या पात्याला गेल्या वर्षी दात पाडून गेली. पाते बदलले तेव्हा जुन्या पात्याकडे पाहून छातीत धस्स झाले, तो तुटलेला लोखंडाचा कण कोणाच्या पोटात गेला असेल या विचाराने. बर्फाचे मोठे खडेही असेच. फडक्यात गुंडाळून बत्त्याने फोडून घालावेत.

अननस आणि दूध एकत्र वाटून ठेवले तर थोड्या वेळात कडू होते. कबाबच्या मटणाला आपण कच्ची पपई लावतो, कारण तिच्यातला अंश मांसातली प्रथिने तोडून ते मऊ करतो. अननसातही तसाच अंश आहे, तो दुधातली प्रथिने तोडतो. पिकलेल्या पपईतही तो थोडा असतो. अननस पाच मिनिटे उकळून निववून घातला तर ही खोड जाते, कारण उष्णतेने तो अंश निकामी होतो. नाहीतर वाटल्याबरोबर पिऊन टाकावे. संत्र्याच्या बिया आणि पांढरी साल राहिली तरी कडवटपणा येतो. त्याला दुधाचा दोष नाही.

साखरेबद्दल आमची थोरली नणंद, आपा, आमच्याशी भांडते. तिला मधुमेह आहे. “फळच तर आहे, साखर कुठे घातली?” असे म्हणून ती इफ्तारला खजूर-केळ्याचा मोठा ग्लास घेते. फळ गाळले नाही तर त्याचा चोथा आत राहतो हे खरे आणि म्हणूनच रसापेक्षा शेक बरा. पण खजुराच्या वजनात निम्म्याहून जास्त साखरच असते आणि मिक्सर मोजमाप पुसून टाकतो. ताटात आठ खजूर आणि दोन केळी ठेवली तर आपा तीन खजुरांवर हात आखडेल. ग्लासात घातली तर दोन घोटांत संपवेल. जागतिक आरोग्य संघटना मध, पाक आणि फळांच्या रसातली साखरही वरून घातलेल्या साखरेतच धरते आणि दिवसाच्या उष्मांकांपैकी १० टक्क्यांच्या आत ती ठेवायला सांगते. आपाला हे आम्ही दोनदा समजावले. तिसऱ्यांदा समजावण्याऐवजी ग्लासच लहान आणला. त्यात अर्धे दही, मूठभर काकडी, पुदिना, भिजवलेला सब्जा. ती बडबडते, पण पिते.

मिक्सरची निगा थोडक्यात. सकाळी लसूण-मिरची वाटलेल्या भांड्यात संध्याकाळी चिकूचा शेक केला तर कोणते बोल ऐकावे लागतात हे सांगायला नको. शेकसाठी एक भांडे वेगळेच ठेवावे. वास आणि ओशटपणा रबरी रिंगेत साठतो. ती दर आठवड्याला काढून, धुऊन, वाळवावी. अब्बांचे अन्न वाटायचे म्हटल्यावर तर रोज. भांड्यात कोमट पाणी आणि साबणाचा एक थेंब घालून दहा सेकंद फिरवले की पात्याखालचे निघते. तिथे बोट घालायचेच असेल तर आधी भांडे मशीनवरून उतरवावे. भांड्याच्या बुडातून काळपट पाणी ठिबकू लागले तर आतले सील गेले. ते भांडे दुरुस्तीला द्यावे, तोवर त्यात काही वाटू नये. सलग फिरवू नये. पाच मिनिटांनंतर दोन मिनिटे विसावा द्यावा. मिक्सर मध्येच बंद पडला तर लगेच दुकान गाठायची गरज नसते. प्लग काढावा, थंड होऊ द्यावा आणि तळाशी असलेले लाल बटण दाबून पाहावे. आमच्या शेजारणीने या बटणासाठी कारागिराला दोनशे रुपये दिले होते.

वाटलेले अन्न लवकर खराब होते. दोन तासांहून जास्त बाहेर ठेवत नाही. एका वेळचे तेवढेच करतो, उरले तर फ्रिजमध्ये. देताना पुन्हा चांगली उकळी, आणि मग चमचा कलता करून पाहणे.

यंदाच्या रमजानमध्ये अब्बांची खुर्ची दस्तरखानाजवळ आणली. रोजे त्यांना माफ आहेत, पण इफ्तारच्या वेळी खोलीत एकटे बसायला ते तयार नव्हते. जाऊने निहारी केली होती. त्यांच्या वाटणीची, तिखट नसलेली, हाडे काढून मसुरीबरोबर वाटलेली, चाळणीतून गाळलेली, छोट्या वाटीत. वर कोथिंबीर नाही, तिचे पान घशाला चिकटते. वास मात्र तोच, जो सगळ्यांच्या वाटीतून येत होता. अजान झाली. अम्मींनी अर्धा चमचा भरवला. अब्बांनी तो सावकाश उतरवला, थोडा वेळ सगळ्यांच्या वाट्यांकडे पाहिले आणि म्हणाले, “नमक कम है.”

मीठ कमी ठेवायला डॉक्टरांनीच सांगितले आहे. अम्मींनी काही न बोलता लिंबाचे दोन थेंब पिळले आणि दुसरा चमचा पुढे केला.